विमा इमारतीचा, पाण्यात गेला संसार: गावभागातल्या एका घराचे दोन महापूर

हे प्रकरण सांगलीच्या गावभागातल्या एका दुमजली घराचं आहे. मारुती चौकापासून चालत पाच मिनिटं. कुटुंबाची ओळख कळू नये म्हणून नावं घेतलेली नाहीत, आजूबाजूच्या एक-दोन घरांतले तपशील यात मिसळले आहेत आणि रुपयांचे आकडे हिशेब समजावा म्हणून गोल केले आहेत. पाण्याचे आकडे मात्र अख्ख्या गावाला तोंडपाठ असलेले.

घरात काका, काकू आणि काकांच्या आई. काका शाळेतून निवृत्त झालेले, मुलगा पुण्यात नोकरीला. खालचा मजला काकांच्या वडिलांनी १९९० च्या सुमारास बांधला, नऊशे चौरस फूट चटई क्षेत्राचा, आरसीसी. वरचा सहाशे फुटांचा मजला मुलाने २०१६ साली बारा लाखांचं गृहकर्ज काढून चढवला. कर्जासोबत बँकेने एक विमा पॉलिसी लावून दिली, हप्ता कर्जातच धरला. पॉलिसीचा कागद घरी आला, फायलीला लागला आणि फाईल खालच्या खोलीतल्या कपाटात गेली.

या घरात २०१९ ला पाणी आलं आणि दोन वर्षांनी पुन्हा आलं. पहिल्या वेळी झालेल्या नुकसानीच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी रक्कम विम्यातून हाती लागली. दुसऱ्या वेळी तीन चतुर्थांशाहून थोडी जास्त. विमा दोन्ही वेळेला होता. म्हणूनच हे प्रकरण लिहावंसं वाटलं, कारण 'विमा काढा' एवढा सल्ला द्यायला कुणीही असतं.

उंबऱ्याची पातळी

महापुराच्या दिवसांत सांगलीत सगळीकडे एकच प्रश्न ऐकू येतो, "आयर्विनला किती झालंय?" १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी फुटांत मोजतात. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. पण ही झाली गावाची पातळी. घराघराची पातळी वेगळी. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रस्त्याकडच्या वस्त्या इथली माणसं पट्टी, म्हणजे पुलापाशी मोजलेली पाण्याची पातळी, चाळिशीत शिरली की गाठोडी बांधायला लागतात. गावभागातल्या उंच जोत्याच्या वाड्यांना पन्नासपर्यंत फारशी घाई नसते.

काकांच्या घराचा उंबरा आयर्विनच्या ५१ फुटांना लागतो. हे कुणी दुर्बीण लावून मोजलेलं नाही; पाणी दारात आलं त्या घटकेला पुलावर किती होतं ते घरच्यांनी लक्षात ठेवलं, इतकंच. नाल्यातून नदीचं पाणी उलटं गावात शिरतं तिथे हा हिशेब थोडा इकडेतिकडे होतो. तरी घरमालकाला यापेक्षा उपयोगी आकडा दुसरा नाही, आणि विम्याच्या अर्जात हा आकडा विचारणारा रकाना नसतो.

२००५ च्या पुरात आयर्विनची पातळी ५३ च्या वर गेली होती. काकांच्या खालच्या मजल्यावर दोन-अडीच फूट पाणी आलं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्याची ओळ राहिली होती. रंग देताना काकांनी ती मुद्दाम ठेवली. पुढची चौदा वर्षं त्या ओळीने घरात कायद्याचं काम केलं. ओळीच्या वर ते सुरक्षित, खाली ते धोक्यात.

ऑगस्ट २०१९ मध्ये सह्याद्रीत पाऊस थांबायचं नाव घेईना. कोयना आणि वारणा, दोन्ही धरणांतून विसर्ग सुरू. सांगलीचा पूर डोंगरातल्या ओढ्यासारखा अंगावर येत नाही. कोयनेचं पाणी कऱ्हाडला कृष्णेत मिळतं, तिथून सांगलीला यायला वेळ घेतं. सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा येते, आणखी खाली नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. त्याही तुडुंब असल्या की पुढे सरकायला जागा नसलेलं पाणी मागे फुगतं. या फुगवट्यामुळे पाणी बोटाबोटाने चढतं आणि उतरायलाही तितकाच वेळ घेतं. चढताना माणसाला सामान हलवायला उसंत मिळते, हा त्यातला चांगला भाग. वाईट भाग असा की भिंती, फर्निचर, वायरिंग दिवसेंदिवस पाण्यात उभं राहतं.

काकांनी उसंतीचा उपयोग केला. फ्रीज टेबलावर चढवला, गाद्या पलंगावर रचल्या, शाळू-गव्हाचे पत्र्याचे डबे ओट्यावर गेले. शेजारी म्हणाले सगळं वरच्या मजल्यावर न्या. काकांचं म्हणणं, "२००५ ला इथवर आलतं. मी दीड फूट जास्तच धरलंय." आईला बहिणीकडे विश्रामबागला पोहोचवलं आणि काका-काकू वरच्या मजल्यावर थांबले. पट्टी ५७ च्याही पुढे गेली. खालच्या खोल्यांत साडेसहा फूट पाणी. टेबलावरचा फ्रीज तरंगला आणि आडवा झाला.

खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे झालं की कोयनेच्या विसर्गामुळे, यावर तेव्हापासून प्रत्येक चहाच्या गाड्यावर एक चौकशी समिती बसलेली आहे. सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीवर दोष ठेवला नाही, आणि ते सांगलीत अजून कुणाच्या गळी उतरलेलं नाही. विम्याच्या दाव्याला मात्र या वादाशी देणंघेणं नसतं. पाणी पावसाचं असो की धरणाचं, घरात शिरलं तर तो पूरच.

बारा लाखांची पॉलिसी, एक लाखाचा दावा

पाणी ओसरल्यावर हिशेब मांडला. इमारतीचं नुकसान असं: गिलावा कमरेच्या वरपर्यंत भुसभुशीत, सगळं वायरिंग बाद, प्लायवूडचे दरवाजे फुगून पोळीसारखे पदर सुटलेले, परसातली कुंपणभिंत कललेली. नुकसान मोजायला आलेल्या विम्याच्या सर्वेक्षकाने हे १ लाख ८० हजारांचं धरलं. घरातल्या सामानाचं ४ लाख १० हजार. फ्रीज, वॉशिंग मशिन, टीव्ही, इन्व्हर्टर, सोफा, शिलाई मशिन, दोन कपाटं, गाद्या, कपडे, काकांची पुस्तकं, वर्षाचं धान्य आणि उन्हाळ्यात करून ठेवलेलं तिखट. एकूण ५ लाख ९० हजार.

आता पॉलिसी. फाईल भिजली होती, म्हणून बँकेतून प्रत आणली. ती आगीच्या विम्याची जुनी प्रमाण पॉलिसी होती, पुरासह. इथे एक बरं झालं. त्या काळी वादळ-पुराचं संरक्षण वगळून थोड्या कमी हप्त्यात पॉलिसी देता यायची, आणि ते वगळलंय की नाही हे कागद उलटून पाहिल्याशिवाय कळत नसे. काकांच्या पॉलिसीत पूर होता.

पण विमा 'इमारती'चा होता. सामान या शब्दाचा पॉलिसीत पत्ता नव्हता. चार लाख दहा हजार रुपयांचा संसार तिथल्या तिथे हिशेबाबाहेर गेला.

मग इमारत. विम्याची रक्कम बारा लाख. का बारा? कारण कर्ज बारा लाखांचं. सर्वेक्षकाने दोन्ही मजले मिळून इमारतीची किंमत, घसारा म्हणजे वयाप्रमाणे होणारी घट वजा करून, वीस लाख ठरवली. वीस लाखांची वस्तू आणि बारा लाखांचा विमा म्हटल्यावर ॲव्हरेजचं कलम लागतं. उरलेल्या आठ लाखांपुरते तुम्हीच तुमची विमा कंपनी, असा त्याचा अर्थ. बारा भागिले वीस, साठ टक्के. नुकसान विम्याच्या रकमेच्या कितीही आत असलं तरी कात्री लागतेच, आणि हेच लोकांना पटत नाही. काका हिरिरीने भांडले, "मी कुठं बारा लाख मागतोय? एक लाख ऐंशी हजारच झालंय ना नुकसान?" पण कलम तसंच होतं. १ लाख ८० हजारांचे १ लाख ८ हजार झाले.

तेही काकांच्या खात्यावर आले नाहीत. पॉलिसीवर बँकेचं नाव चढवलेलं असतं, त्यामुळे दाव्याची रक्कम आधी बँकेकडे जाते. बँकेने ती कर्जखात्यात जमा करून टाकली. गवंडी दारात उभा, हातात पैसे नाहीत, आणि कर्ज मात्र लाखाने हलकं झालेलं. दुरुस्तीची बिलं जोडून अर्ज केल्यावर शाखेने रक्कम सोडली, तोवर दिवाळी आली. दुरुस्ती झाली ती काकूंच्या बांगड्यांवर.

सरकारची मदत तुलनेने लवकर आली. त्या वर्षी शहरी भागातल्या पूरग्रस्त कुटुंबाला १५ हजार आणि ग्रामीण भागात १० हजार रुपये होते. चिखल काढायला, भांडी-कपडे घ्यायला ते कामाला आले. 'सरकार देतंयच की' म्हणून विम्याला नाक मुरडणाऱ्यांनी हा आकडा पाच लाख नव्वद हजारांच्या शेजारी लिहून पाहावा.

या सगळ्यात कुणी लबाडी केली असं मला वाटत नाही. बँकेने स्वतःच्या पैशाचा विमा काढला. तो तिच्या कामाचा होता. कर्जदाराला वाटलं आपल्या घराचा विमा झाला. खरी मेख पुढे आहे. सांगलीच्या पुरात आरसीसी घर पडत नाही. आग लागली किंवा भूकंप झाला तर इमारत जाऊ शकते, आणि बँकेची पॉलिसी त्या भीतीने लिहिलेली असते. महापूर इमारतीला जखमा करतो आणि जीव घेतो तो संसाराचा. या घराचं सत्तर टक्के नुकसान सामानाचं होतं, आणि सामानाचा विमा शून्य रुपयांचा.

मधली दोन वर्षं

मुलाने कर्जाच्या पॉलिसीला पर्याय शोधायला सुरुवात केली ती रागातून. योगायोग असा की १ एप्रिल २०२१ पासून आयआरडीएआय या विमा नियामकाने घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाण पॉलिसी आणली. जीवनविमा सोडून इतर विमा देणाऱ्या सगळ्या कंपन्यांकडे तिची मूळ कलमं सारखीच. आग, भूकंप, वादळ, पूर हे सगळं त्यात अंगचंच. काकांच्या जुन्या दुखण्यांवर तिच्यात दोन उतारे होते. एक, ॲव्हरेजची कात्री नाही. विम्याची रक्कम कमी पडली तरी त्या रकमेपर्यंत नुकसान पुरतं मिळतं. दुसरं, इमारतीचा विमा घेतला की तिच्या रकमेच्या २० टक्क्यांइतका, पण १० लाखांपर्यंतच, सामानाचा विमा आपोआप लागू होतो. त्याहून जास्त सामान असेल तर यादी देऊन रक्कम वाढवता येते. दागिने, कलावस्तू यांचा वेगळा पर्याय आहे, तो मागून घ्यावा लागतो. रोख रक्कम, वाहनं, महत्त्वाची कागदपत्रं यांना जागा नाही.

मुलाचा पहिला कल रक्कम साठ लाख लिहिण्याकडे होता, कारण शेजारचं घर तेवढ्याला विकलं गेलं होतं. पण त्या साठ लाखांत जागेची किंमत आहे, आणि जागा वाहून जात नाही. पॉलिसीला हवा असतो चटई क्षेत्र गुणिले आज तसं घर बांधायला लागणारा दर. दीड हजार चौरस फूट, १,८०० रुपये दर, म्हणजे २७ लाख. त्याच्या वीस टक्के, ५ लाख ४० हजार, सामानाला. वर्षाचा हप्ता दोन हजारांच्या आत बसला. एवढ्या पैशात तिघांची हॉटेलातली दोन जेवणं होत नाहीत, असं काकू म्हणाल्या ते खरंच होतं.

बँकेशी मात्र बोलावं लागलं. कर्जदाराने अमुकच कंपनीचा विमा घ्यावा अशी सक्ती बँकेला करता येत नाही. शाखेत लेखी अर्ज दिला, नव्या पॉलिसीवर इमारतीपुरतं बँकेचं नाव चढवलं आणि जुनी पॉलिसी पुढे नूतनीकरण करायची नाही असं ठरलं. सामानाच्या रकमेवर बँकेचा हक्क नव्हता. ती सरळ घरमालकाला.

एका एजंटाने पत्ता ऐकूनच हात वर केले होते. "गावभाग? नको ओ, तिथलं कंपनी घेत नाही." दुसऱ्याने अर्ज घेतला. अर्जात पूर्वीच्या नुकसानीचा प्रश्न होता. मुलाला ती जागा मोकळी सोडायची होती, हप्ता वाढेल या धास्तीने. मी म्हटलं, २०१९ चा पूर लिहा, दाव्याची रक्कमही लिहा. सांगलीच्या गावभागाचा पत्ता असलेल्या माणसाने पूर माहीत नसल्याचं सोंग आणणं म्हणजे पुढच्या दाव्यात कंपनीच्या हाती आयतं कोलीत. लिहिलं, आणि तरीही पॉलिसी मिळाली.

पूररेषेबद्दलही या काळात बरंच बोलणं झालं. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येईल अशा पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येईल अशाची. नदी ते निळी रेषा बांधकामाला मनाई, निळी ते लाल यांच्यामध्ये अटींवर परवानगी. काकांचा समज सरळ होता: '२०१९ ला मोठा येऊन गेला, आता आपल्या हयातीत नाही.' पण पंचवीस वर्षांचा पूर येऊन गेल्यावर पंचवीस वर्षांची सुट्टी देत नाही. त्याची शक्यता दर वर्षी चार टक्के, आणि पुढच्या वर्षी पुन्हा चार टक्के. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत तो निदान एकदा येण्याची शक्यता हिशेबाने छप्पन्न टक्के निघते, निम्म्याहून जास्त. शंभर वर्षांच्या पुराचीही तेवढ्याच मुदतीत अठरा टक्के. काकांनी वहीत गुणाकार करून पाहिला आणि गप्प बसले. गणिताचे शिक्षक होते.

जुलै २०२१

पॉलिसी सुरू होऊन तीन महिनेही झाले नव्हते. २२ जुलैच्या सुमारास महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कृष्णा-कोयनेचं खोरं एकदम भरून आलं. २५ जुलैला आयर्विनची पातळी ५५ फुटांच्या घरात गेली. काकांच्या खालच्या मजल्यावर चार फूट पाणी.

या वेळी भिंतीवरच्या कुठल्याच ओळीवर भरवसा नव्हता. पट्टी चाळीस झाली तेव्हा गाद्या, कपडे, कागद वर गेले. पंचेचाळीसला चार पोरं बोलावून फ्रीज, टीव्ही, शिलाई मशिन वर. राहिलं ते हलण्यासारखं नव्हतं किंवा जिन्यात वळत नव्हतं: सोफा, वॉशिंग मशिन, भिंतीला ठोकलेली कपाटं, स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या. धान्याचे चार डबे राहिले, कारण आजींचं म्हणणं डबे घट्ट झाकणाचे आहेत. गावात बऱ्याच जणांनी असाच विमा ऐनवेळी काढायला धावपळ केली. हप्ता कंपनीकडे जमा झाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, आणि पट्टी चढत असताना पुराच्या पट्ट्यातला नवा अर्ज घ्यायला कुणाचाच हात पुढे होत नाही.

पाणी उंबऱ्याला लागलं त्याच दिवशी मुलाने पुण्याहून कंपनीला ईमेल केला, फोटो जोडून. दावा क्रमांक आला. यानंतरचं सगळं चिखलात झालं.

पूर उतरल्यावर घरात राहणारा गाळ हा वितभर जाडीचा, काळपट, गटाराच्या वासाचा. तो सुकण्याआधी काढावा लागतो, सुकला की फरशीला सिमेंटसारखा धरतो. दुसरीकडे पॉलिसी सांगते की सर्वेक्षण होईपर्यंत नुकसान झालेली वस्तू टाकू नका. गल्लीत महापालिकेचा जेसीबी फिरत होता, दारापुढचा ढीग उचलायला. रोगराईच्या भीतीने तो ढीग ठेवणंही बरं नव्हतं. म्हणून असं केलं: आधी पाण्याची ओळ भिंतीवर दिसत असताना प्रत्येक खोलीचा व्हिडिओ, टेप लावून. मग प्रत्येक वस्तूचे फोटो. वॉशिंग मशिनच्या मागची क्रमांकाची पट्टी ओल्या फडक्याने पुसून तिचा जवळून फोटो, आणि नंतर स्क्रू काढून पट्टीच काढून ठेवली. ट्रॉल्यांचा एक खण, कपाटाचा एक दरवाजा, सोफ्याच्या कापडाचा तुकडा परसात बाजूला ठेवला. बाकीचं कंपनीला ईमेलने कळवून जेसीबीच्या स्वाधीन केलं. सर्वेक्षक आला तेव्हा तो फुगलेला खण त्याने हातात घेऊन दाबून पाहिला आणि मान डोलावली.

बिलांचा प्रश्न होताच. २०१९ नंतर घेतलेल्या वस्तूंपैकी निम्म्यांची बिलं नव्हती. मुलाने बँकेच्या खात्याचे उतारे काढले, दुकानदाराकडून दुय्यम प्रती आणल्या. सोफा आणि कपाटं सुताराकडून करून घेतलेली, रोखीने. त्यांचा कागद कुठून आणणार? मग काकूंच्या मोबाईलमध्ये आदल्या वर्षीच्या गौरींचे फोटो सापडले. गौरी मध्ये, फराळाची ताटं पुढ्यात, आणि मागे नवं कोरं कपाट, डाव्या अंगाला सोफा, तारखेसकट. सर्वेक्षकाने ते धरले. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, गौरी-गणपतीची आरास जरा लांबून, खोलीच्या चारही भिंती येतील अशी टिपा.

खटका उडाला तो घसाऱ्यावर. सर्वेक्षकाच्या पहिल्या तक्त्यात सामानाच्या प्रत्येक ओळीवर वयाप्रमाणे कपात होती, जुन्या सवयीने. पॉलिसीचं कलम वेगळं बोलतं: वस्तू दुरुस्त होत असेल तर दुरुस्तीचा खर्च, नसेल तर तशीच किंवा तिच्यासारखी वस्तू आणण्याचा खर्च. मुलाने त्या परिच्छेदाचा फोटो पाठवला, कुठलंही भांडण न करता. सुधारित तक्ता आला. पूर्ण नव्हे, पण बराच सुधारलेला. अशा ठिकाणी गाडं अडलं असतं तर पुढची पायरी कंपनीचा तक्रार विभाग, मग पुण्यातलं विमा लोकपाल कार्यालय. तिथे फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या अंतिम नकारापासून वर्षाच्या आत जावं लागतं. त्याची वेळ आली नाही.

इमारतीचं मागणं १ लाख ६२ हजारांचं, मंजूर १ लाख ३८ हजार. कुंपणभिंत या पॉलिसीत इमारतीचाच भाग धरली जाते, त्यामुळे तिचेही पैसे आले. सामानाचं मागणं १ लाख ७४ हजारांचं, मंजूर १ लाख २१ हजार. गाळ आणि राडारोडा काढायला ट्रॅक्टरवाल्याने ९ हजार घेतले होते. पॉलिसी दाव्याच्या रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत देते, म्हणून ५,१८० आले. घर राहण्याजोगं होईपर्यंतचं पर्यायी घरभाडंही मिळू शकतं, पण ही मंडळी बहिणीकडे राहिली, बहिणीने कुठे भाड्याची पावती करायची! एकूण नुकसान ३ लाख ४५ हजार, हाती २ लाख ६४ हजार १८०.

सुटलं ते असं. आजींचे घट्ट झाकणाचे डबे आतून भिजले होते. धान्य सामानाच्या व्याख्येत बसवायचा प्रयत्न केला, बसलं नाही, बावीस हजार गेले. हिवाळ्यात उत्तरेकडच्या भिंतीला ओल धरून रंग सुटला, तेव्हा दावा बंद झालेला होता. काकांची स्कूटर पाण्यात होती. ती घराच्या पॉलिसीत येतच नाही, तिला वाहनाचा सर्वंकष विमा लागतो. शिवाय पाणी उतरल्यावर काकांनी उत्साहाने दोन किका मारल्या आणि इंजिनात पाणी खेचलं गेलं. इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर या जागी कंपन्या हात झटकतात.

समोरच्या अपार्टमेंटची गोष्ट याहून विचित्र. खाली पार्किंग, वर तीन मजले. एकाही फ्लॅटमध्ये पाणी नाही, आणि तरी लिफ्टची मोटर, मीटरची खोली, पाण्याचा पंप सगळं गेलं. दोन फ्लॅटधारकांचा स्वतःचा विमा होता, पण सामायिक मालमत्तेला तो उपयोगी पडला नाही. सोसायटीच्या नावाने हीच पॉलिसी घेता येते; तेव्हा ती नव्हती, आणि वर्गणीवरून जिन्यात झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही.

पुढचं वर्ष

२०२२ च्या नूतनीकरणाआधी आम्ही एक सरळ हिशेब केला. २०१९ ची पातळी पुन्हा आली, म्हणजे साडेसहा फूट, तर हलवता न येणारं काय काय बुडेल? खोलीखोलीतून यादी केली, आजच्या किमतीने. सव्वासहा लाख निघाले. आपोआप मिळणारं संरक्षण ५ लाख ४० हजारांचं. म्हणून यादी जोडून सामानाची रक्कम सात लाख जाहीर केली. पॉलिसी एकदम तीन वर्षांची घेतली. ती दहा वर्षांपर्यंत घेता येते आणि इमारतीची रक्कम दर वर्षी दहा टक्क्यांनी आपोआप वाढत जाते, त्यामुळे बांधकामाच्या वाढत्या दराची काळजी थोडी कमी. दागिन्यांचा पर्याय काकूंनी नको म्हटलं. जे उरलं होतं ते बँकेच्या लॉकरमध्ये आहे.

घरातही बदल झाले. ट्रॉल्या प्लायवूडच्या होत्या त्या आता स्टीलच्या. खालच्या मजल्याचे प्लग पॉइंट गिलावा नवा करतानाच छातीच्या उंचीवर घेतले. पॉलिसीची प्रत, घराचे कागद आणि खोल्यांचे फोटो मुलाच्या ईमेलमध्ये. आजी डबे वर न्यायला तयार झाल्या आहेत, 'पट्टी बेचाळीस झाली की' या अटीवर. विजेचा मीटर मात्र अजून जिन्याखालीच आहे, उंबऱ्याच्या वर तीन फूट उंचीवर. काका म्हणतात दिवाळीनंतर बघू.